कस्तुराचं न्हाणं

"न्हायली का वं, कस्तुरा?"

गोमतीबाईने कुडावरून मान वर काढून विचारलं. कस्तुरा अंगणात उन्हाकडे पाठ करून बसली होती. ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले, त्यांच्या पाण्याने लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. न्हायली हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी गोमतीबाईने विचारलं, आणि कस्तुराने खाली मान घालून "हो, काकी" म्हटलं.

"बरं, बरं," म्हणत गोमतीबाई कुडामागे गेली. तिला हवं ते कळलं होतं.

इंझोरीत बाया रोज अंगावरून पाणी घेत. डोक्यावरून न्हाणं मात्र सणावाराला, कोणी मेलं-गेलं तर सुतकाचं, नाहीतर महिन्याचे तीन दिवस दूर बसून उठल्यावर चौथ्या दिवशी. त्यामुळे सण नाही, सुतक नाही आणि एखादीचे केस ओले दिसले, म्हणजे याही महिन्यात तिला दिवस राहिलेले नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होता. चार लेकरांच्या आईच्या ओल्या केसांकडे कोणी ढुंकून पाहत नसे. कस्तुराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून तिच्या केसांवर अख्ख्या गल्लीचं लक्ष. सरकारने डाक सुरू केली ती दुसऱ्या बातम्यांसाठी. ही बातमी कस्तुराचे केस वाळायच्या आत वेशीपर्यंत पोचत असे.

"कोन होतं वं?" आतून सासूने, मनकर्णाबाईने विचारलं.

"गोमतीकाकी."

"इचारलं?"

"हो."

मनकर्णाबाईने बाजेवर फणी चाचपली. मग म्हणाली, "वाळले का ये. वेणी घालून देतो."

मनकर्णाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळे. पण सुनेची वेणी रोज दिवेलागणीला तीच घालायची. कस्तुरा या घरात आली तेव्हा इतकी लहान होती, की तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती, शिकवणार कोण? सासूने पहिल्याच संध्याकाळी तिला बाजेखाली पाठ करून बसवलं आणि फणी हातात घेतली. ती सवय पडली ती पडलीच. गल्लीतल्या बाया हसत, सासू सुनेची चाकरी करते म्हणून नाकं मुरडत. मनकर्णाबाईचं नजर जाऊनही अडलं नाही. केस ओले आहेत, तेलकट आहेत, त्यांत कडब्याचा चुरा आहे की कापसाच्या बोंडाची किटी आहे, हे सगळं तिच्या बोटांना कळत असे.

त्याच आठवड्यात तुळसाबाई आली. तुळसाबाई म्हणजे कस्तुराची मोठी नणंद, शेलूबाजारला दिलेली. बाई मनाने वाईट नव्हती, पण भावाचं, इंद्रभानचं, घर रिकामं राहणार ही गोष्ट तिला झोपू देत नव्हती. दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, उतरून ती पाणी प्यायली आणि आईच्या बाजेवर बसून सरळ विषयाला हात घातला.

"माय, आखीन किती वाट पाह्यची? आमच्या गल्लीत पोरगी हाय. घरचे तयार हायेत. इंद्रभाननं फक्त हो म्हनावं."

"आन् कस्तुरा?"

"तिले कोन हाकलून राह्यलं? तिची भाकर तिले हायच. दोघी मियून राह्यतीन. माह्या सासरी नाई का राह्यत?"

कस्तुरा चुलीपाशी होती. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. हाकलून देणार असं तुळसाबाई म्हणाली असती, तर तिला इतकं वाईट वाटलं नसतं. आपली भाकर कोणी मोजून बाजूला ठेवावी आणि बाकीचं घर दुसरीला द्यावं, हे तिला सोसवेना.

मनकर्णाबाई बराच वेळ काठी जमिनीवर आपटत राहिली. मग म्हणाली, "होळीलोक थांब. होळी झाली का मी नाई म्हननार नाई."

"होळीलोक का होईन? नऊ वर्सात झालं नाई ते."

"थांब म्हटलं ना," मनकर्णाबाई म्हणाली, आणि तुळसाबाईला थांबावं लागलं.

दिवाळीनंतर कापसाची गाडी मंगरूळपीरला निघाली. इंद्रभानने आईलाही गाडीत घेतलं, दवाखान्यात डोळे दाखवायला. बरोबर कस्तुरा. डॉक्टरांनी डोळे पाहून अकोल्याला चिरून घ्यायला सांगितलं. मनकर्णाबाईने तिथल्या तिथे नाही म्हटलं. चिरायचं तर शेंगा, भेंड्या चिरायच्या, डोळे नाही, असं तिचं म्हणणं. इंद्रभान बैलांना पाणी दाखवायला गेला. त्या वेळात कस्तुराने दवाखान्यातल्या नर्सबाईंना, ललिताबाईंना, आडोशाला गाठलं आणि तोंडाला पदर लावून आपलं दुखणं सांगितलं.

ललिताबाई चाळिशीच्या, विधवा, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी तिला तपासलं, बरंच काही विचारलं आणि म्हणाल्या, "मी काही देव नाही, बाई. पण तुझ्यात मला मोठी खोट दिसत नाही. कमरेत, पोटात ताकद यायला हवी. रोज व्यायाम कर."

"व्याम?"

"कसरत गं. उठाबशा काढायच्या. खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे. उताणं निजून पाय वर उचलायचे. रोज सकाळी, पोट रिकामं असताना."

कस्तुराला हसू आलं. "बाई, मी वावरात दिवसभर वाकूनच राह्यतो. निंदन, येचनी. आखीन कायले वाकायचं?"

"ते वाकणं कामाचं. ते अंग मोडतं. हे अंग घडवायला वाकायचं." ललिताबाईंनी स्वतः कमरेवर हात ठेवून एक उठाबशी काढून दाखवली. "आणि हे बघ, घाम येईल. डोक्यात मळ बसू द्यायचा नाही. आठवड्यातून दोनदा केस धुवायचे."

आता मात्र कस्तुरा हसली नाही. "ते जमनार नाई."

"का?"

"महिन्यातून एकडाव न्हातो, तं गल्ली कुडावरून पाह्यते. आठवड्यातून दोनडाव न्हाली, तं गावभर होईन का हिले रोगच लागला. तुळसाबाई होळीलोक बी थांबनार नाई."

ललिताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. डोक्याचं न्हाणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "मग कोरडं डाळीचं पीठ चोळ केसांना. मळ धरून ठेवतं ते. फणीने झाडून टाक. पण कसरतीत खंड पाडू नकोस."

मनकर्णाबाई आडोशापलीकडच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसली होती. 

घराच्या मागे गोठा होता आणि गोठ्याला लागून कडबा ठेवायची कुडाची खोली. पहाटे इंद्रभान मारुतीच्या पाराजवळच्या तालमीत जायचा. तो गेला की कस्तुरा त्या खोलीत जायची, लुगड्याचा काष्टा घट्ट करायची आणि उठाबशा काढायची. पहिल्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या, की चुलीपुढे बसताना तिने भिंतीचा आधार घेतला. दोन्ही बैल कुडाच्या फटीतून तिच्याकडे पाहत रवंथ करत. इतक्या वर्षांत या बाईने त्यांना कडबा टाकला होता, पाणी दाखवलं होतं. आता हिला काय झालं, हे त्यांना उमगत नसावं.

ललिताबाई बरोबर बोलल्या होत्या. घाम यायचा. थंडीतही मानेवरून पाणी वाहायचं, केस मुळाशी ओले व्हायचे, त्यांत कडब्याची धूळ बसायची. दिवस वर आला की डोकं खाजायला लागे. परसात रांजण भरलेला, हाताला तांब्या, आणि तरी डोक्यावर पाणी घ्यायची सोय नाही. ती डब्यातलं मूठभर डाळीचं पीठ घेऊन खोलीत जायची, मुळांना चोळायची, फणीने झाडायची. थोडं बरं वाटे, मग पुन्हा खाज सुटे. महिन्यातून एकदा अंगणात ऊन घेत बसायचं आणि गोमतीबाईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, एवढंच खरं न्हाणं तिच्या वाट्याला.

एका पहाटे इंद्रभानचा पाय मुरगळला म्हणून तो तालमीतून लवकर परतला. कडब्याच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येत होता, एका ठेक्यात. त्याने दार ढकललं. कस्तुरा खाली बसलेली तशीच राहिली, उठू की पडू तिला कळेना.

"हे काय करून राह्यली?"

तिने सांगितलं. लाजत, अडखळत, पण सगळं सांगितलं.

इंद्रभान आधी हसला. मग लंगडत आत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "टाच उचलू नको. अशी पाह्य. पाठ सरळ. खाली जाताना दम सोड, वर येताना घे." मुरगळलेल्या पायावर त्याने एक बैठक मारून दाखवली आणि कळ आली तेव्हा तोंड वाकडं केलं. तिला हसू फुटलं. नऊ वर्षांत ते दोघं असे शेजारी उभे राहून कधी हसले नव्हते.

मग ती म्हणाली, "शेलूबाजारच्या पोरीले बी शिकवसान असंच."

इंद्रभानचं हसणं गेलं. "मी कुठी हो म्हटलं?"

"नाई बी कुठी म्हटलं?"

त्याने मान खाली घातली. कापसाचा बोरा एकटा उचलून गाडीत टाकणारा माणूस, पण मोठ्या बहिणीपुढे त्याची जीभ कधी उचलली नाही. आई वावरात राबत असताना याच बहिणीने त्याला कडेवर वागवलं होतं. तिला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "टाचेवर ध्यान ठेवजो," आणि बैलांकडे निघून गेला. कस्तुराला त्याचा राग आला आणि दयाही आली.

भोगीला अख्ख्या गावातल्या बाया न्हाल्या, कस्तुराही न्हाली. त्या दिवशी कोणी कुडावरून डोकावलं नाही. सणाच्या न्हाण्याचा अर्थ फक्त सण. तिने तीळ वाटून लावले, शिकेकाईने डोकं रगडून रगडून धुतलं आणि उन्हात बसून केस वाळवले. ते झाल्यावर तिची दूर बसायची पाळी यायला हवी होती. आली नाही. चार दिवस वर गेले, मग आठ, मग तिने मोजणं सोडून दिलं, कारण मोजलं की भीती वाटायची. पहाटेच्या बैठका तिने सुरूच ठेवल्या, जरा हळू. माघ निम्मा गेला.

दिवेलागणीला मनकर्णाबाईची बोटं तिच्या केसांत फिरत. न विंचरता ती बोटं मुळाशी थांबत, वास घेतल्यासारखी. भोगीनंतर या केसांना पाणी लागलेलं नाही, हे बोटांना कळत होतं. एका संध्याकाळी म्हातारीने फणी खाली ठेवली आणि सुनेचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या छातीशी ओढलं.

"आता हे डोस्कं धूऊ नको, माय," ती म्हणाली. 

"आत्याबाई, आखीन पक्कं नाई," कस्तुरा म्हणाली. पण तिलाही वाटत होतं. तिला इतकं वाटत होतं, की ते तोंडाने बोलायची तिची हिंमत नव्हती.

मनकर्णाबाईला धीर निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने शेलूबाजारकडे जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ निरोप धाडला, की सुनेला दिवस गेलेत, दुसरीचं बोलणं लावू नका. तुळसाबाई खणा-नारळासह धावत आली. तिने कस्तुराची ओटी भरली, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "मी बोलली ते इसरून जाय." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. गोमतीबाईने कुडावरून वाटीभर लोणचं दिलं.

महाशिवरात्रीच्या सकाळी कडब्याच्या खोलीत पाय वर उचलताना कस्तुराच्या पोटात कळ आली. ती उठून बसली. मग तिने पाहिलं.

ती बराच वेळ कडब्याला पाठ लावून बसून राहिली. लेकरू होतं आणि गेलं, की नुसतीच पाळी लांबली होती, हे तिला कधी कळलं नाही. कोणाला विचारणार? उठून अंगणाच्या कोपऱ्यात, दूर बसायच्या जागेवर जायला हवं होतं. तिथे गेली की गोमतीबाई पाहणार होती, गोमतीबाईने पाहिलं की तुळसाबाईला कळणार होतं. होळी पुढे दिसत होती. आणि आतल्या खोलीत मनकर्णाबाई तापाने फणफणलेली होती. आदल्या दिवसापासून तिला धाप लागली होती आणि ती सुनेशिवाय कोणाच्या हातचं घेत नव्हती.

कस्तुरा दूर बसली नाही. तिने चिंध्या घेतल्या, हात धुतले आणि चुलीपुढे जाऊन सासूसाठी पेज टाकली. देवापुढे दिवाही तिनेच लावला. हे पाप आहे, असंच तिला लहानपणापासून माहीत होतं आणि ते खोटं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. पाप आहे हे समजून तिने ते केलं. चिंध्या ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे कोणी जात नसे, तिथे धुऊन आणी.

तीन दिवस गेले, चौथा आला. चौथ्या दिवसाचं न्हाणं तिला घेता येईना. केस ओले दिसले असते. त्यामुळे तिच्या हिशेबी ती अजून विटाळातच होती. पुढचे सगळे दिवस विटाळातच चालले होते. ती सासूला पेज पाजायची, तिचे पाय चेपायची, तिला कुशीवर वळवायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, की म्हातारी आपल्याच हाताने खंगत चालली आहे. बैठका मात्र तिने सोडल्या नाहीत. आता खरंच काही होईल तर त्यानेच होईल, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. घाम येत होता, धूळ बसत होती, डाळीचं पीठ संपत आलं होतं. डोक्याला खाजवून खाजवून कानामागे फोड आले.

मनकर्णाबाई आता उठून बसत नव्हती, म्हणून वेणी घालणंही थांबलं होतं. कस्तुरा केसांचा नुसता गोळा करून मागे बांधत असे. संध्याकाळी तरी ती बाजेपाशी जाऊन बसे आणि म्हातारी निजल्या निजल्या तिच्या डोक्यावर हात ठेवी.

एका दुपारी इंद्रभान वावरात गेला होता. कस्तुरा चमच्याने पेज पाजत होती. दोन घोट घेऊन मनकर्णाबाईने तोंड फिरवलं.

"दार लोटून घे, पोरी."

कस्तुराने दार लोटलं.

"मी मेली का सगळ्या बायाइले डोस्क्यावरून न्हा लागते," म्हातारी म्हणाली. दर शब्दाला तिला दम घ्यावा लागत होता. "तवा तू बी न्हाजो. शिकेकाई लावून, चांगलं रगडून न्हाजो. कोनी इचारनार नाई."

कस्तुराच्या हातातली वाटी कलंडली. पेज अंथरुणावर सांडली, ती तिने पुसलीही नाही.

"तुमाले माईत होतं?"

"डोये गेले माहे. नाक नाई गेलं."

"कवापासून?"

"शिवरात्रीपासून." म्हातारीने हात पुढे केला, तो चाचपडत कस्तुराच्या गुडघ्यावर आला. "आन् पहाटं तुह्या बांगड्या वाजते, ते का दळन होये? त्या नर्सबाईचं म्या बी आयकलं होतं. बाकावरच तं होती मी."

"मंग तुळसाबाईले काहून नाई सांगितलं?"

"कायले सांगू? त्या शेलूबाजारच्या पोरीचं रिसोडले जमलं आता. जमू दे तिचं बी."

कस्तुराला रडू आवरेना. इतके दिवस छातीवर धरून ठेवलेली गोष्ट तिच्या तोंडून निघाली. "आत्याबाई, म्या त्याच हातानं तुमाले पेज पाजली. देवापुढं दिवा लावला. माह्याच पापानं तुमी..."

"पाजली. म्या पेली. गोड लागली." म्हातारी थांबली, तिने श्वास गोळा केला. "मी वयानं मरून राह्यली. तुह्या हातानं नाई. हे ध्यानात ठेवजो."

बाहेर एक बैल हंबरला. मनकर्णाबाईने डोळे मिटले होते. तिला झोप लागली असं कस्तुराला वाटलं, तेवढ्यात ती पुन्हा बोलली.

"माय मेली का वरीसभर घरात लगन करत नाई. तुळसाले बी ते मोडता येनार नाई. वरीसभर मार तुह्या बैठका."

"आन् इचारतीन तं? पोटातल्याचं?"

"सांगजो, दुखात गेलं. बाया मानते. बायाइचं जातेच." मग, जरा वेळाने, "तुह्यं बी गेलंच असंन. कोनाले ठाव?"

मनकर्णाबाई होळीच्या आधी गेली. ऊन चांगलं तापलं होतं. तुळसाबाई वेळेवर पोचली, पण म्हातारीने तिला ओळखलं नाही. इंद्रभान उघड्या अंगाने अंगणात उभा होता, तालमीत कमावलेलं ते शरीर लहान पोरासारखं हुंदके देत होतं. पुरुष मसणवटीकडे गेल्यावर बाया ओढ्यावर निघाल्या.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. बाया लुगड्यासकट पाण्यात बसल्या, घागरींनी डोक्यावर पाणी घेऊ लागल्या. कस्तुरा काठावर उभी राहिली. तिला एकदम पुढे होववेना. ज्या न्हाण्यासाठी ती इतके दिवस तळमळली होती, ते हे असं मिळेल, हे तिला सोसत नव्हतं.

"जपून वं, पाय घसरन," तुळसाबाई रडता रडता म्हणाली आणि तिने हात धरून तिला पाण्यात बसवलं. "दोन जिवाची हायेस."

गोमतीबाई घागर घेऊन मागे आली. तिनेच कस्तुराचा केसांचा गोळा सोडला, तिनेच शिकेकाई चोळली आणि पाणी ओतलं. केसांतून पांढुरकं, पिठाळ पाणी निघालं, मग मळकं, मग कडब्याचा चुरा. गोमतीबाईचा हात थांबला. तिच्या उभ्या आयुष्यात तिने पुष्कळ बायांची डोकी धुतली होती, असं पाणी तिने पाहिलं नव्हतं. तिने कस्तुराच्या कानामागचे फोड पाहिले. ती काहीतरी विचारणार होती, असं कस्तुराला मानेवरच जाणवलं.

गोमतीबाईने पुन्हा घागर बुडवली. "घे, आखीन घे," ती म्हणाली, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ओतत राहिली.

सुतकातच कस्तुराने पोटातलं गेल्याचं सांगितलं, सासूने सांगून ठेवलं होतं तसं. तुळसाबाईने तिला पोटाशी धरलं आणि पुन्हा एकदा गळा काढला, या वेळी आईसाठी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दोन दुःखांचं रडून जात. कस्तुराही रडे. तिला वाटलं होतं की खोटं रडावं लागेल, पण तसं झालं नाही. ज्या लेकराचं असणं-नसणं तिला कधी कळलं नव्हतं, त्याच्यासाठी तिला खरोखर रडू आलं.

तेरवी झाली. दमणी जुंपली तेव्हा तुळसाबाई दारात घुटमळली. "वरीस जाऊ दे," ती भावाला म्हणाली. "मंग पाहू." इंद्रभानने तिचं गाठोडं दमणीत ठेवलं. मग दमणी हलली तेव्हा तो बैलांच्या बाजूने थोडा चालत गेला आणि म्हणाला, "पाहू नाई, ताई. राहू दे ते." तुळसाबाईने ऐकलं की नाही, ते चाकांच्या आवाजात कळलं नाही. त्याला तेवढंच जमलं.

त्या संध्याकाळी दिवा लावून कस्तुरा आतल्या खोलीत आली. म्हातारीची बाज रिवाजाप्रमाणे मांगाला देऊन टाकली होती, तिच्या जागी शेणाने सारवलेली नुसती जमीन होती. कस्तुरा सवयीने तिथेच खाली बसली, भिंतीकडे पाठ करून, फणी मागे धरून. केस हलके होते, त्यांना शिकेकाईचा वास येत होता. हात दुखेपर्यंत तिने फणी तशीच धरली. मग ती पुढे घेतली आणि स्वतःची वेणी घालायला लागली. तिला ती येत नव्हती. पेड सुटत होते, एक जाड, एक बारीक. दोनदा तिने सोडून पुन्हा घातली, तरी वाकडीच आली. तशीच तिने राहू दिली.

पहाटे इंद्रभान तालमीत गेल्यावर कडब्याच्या खोलीत बांगड्या वाजायला लागल्या. बैलांनी माना वळवून पाहिलं. घरात ऐकायला आता कोणी नव्हतं.